नन्नासाहेबांचा होकार

नकाशा मंजुरी खात्यातले लोक त्यांना तोंडावर नानासाहेब म्हणत आणि पाठ वळली की नन्नासाहेब. घर असो, दुकान असो, गोदाम असो, त्याचा नकाशा त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि त्यांच्या टेबलावरून तो सहसा मागेच सरके. गुंडाळी पुरती उलगडायच्या आत कानामागची लाल पेन्सिल हातात आलेली असे. ‘‘नाही. हे असं चालणार नाही.’’ मग नेमकं काय चालणार नाही, ते शोधायला ते नकाशावर वाकत.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बरोबर असत. जिना खरोखर अरुंद निघे, न्हाणीघराला खिडकी नसे, दार उघडलं की समोरच्या दारावर आपटे. त्यांनी पास केलेल्या घराला कधी तडा गेला नाही. पण खरं बोलणं वेगळं आणि खेकसणं वेगळं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यालाही ते नाहीच म्हणाले असते. एका वैतागलेल्या आर्किटेक्टचं म्हणणं होतं, की नन्नासाहेबांकडे रिकाम्या जागेचा कोरा कागद नेला तरी ते विचारतील, ‘‘रिकामं आहे हे दाखवलंय कुठे?’’

घरी तेच. बायकोने सरळ काही मागायचं केव्हाच सोडून दिलं होतं. तिला निळे पडदे हवे असले की ती म्हणे, ‘‘निळे पडदे नकोच बाई, डोळ्यांत खुपतात.’’ मग नन्नासाहेब म्हणत, ‘‘नाही, निळेच आण.’’ संसार असा उलटा धरून सुरळीत चालला होता.

पन्नाशी उलटली आणि त्यांची मान हलायला लागली.

फार नाही. पुढे-मागे, अगदी हलकी, एका लयीत. आरशात दाढी करताना त्यांना ती दिसली नाही, कारण दाढी करताना कोण मानेकडे बघतं? दिसली ती दुसऱ्यांना. जेवताना बायको सहज म्हणाली, ‘‘माझा भाऊ म्हणत होता, चार दिवस येऊ का राहायला. त्याचं त्या घरमालकाशी फाटलंय.’’ असल्या प्रश्नावर एरवी ताटावरूनच नकार यायचा. पण तोंडात घास होता. नन्नासाहेब नुसते बघत राहिले, आणि त्यांची मान हो-हो-हो करत राहिली.

‘‘खरंच?’’ बायको म्हणाली. तिचा विश्वास बसेना. घास गिळून ते ‘‘नाही!’’ म्हणाले, तोवर ती भावाला फोन लावायला उठली होती. तिने वळून पाहिलं, तर मान अजून होकारच देत होती. ‘‘कळलं हो,’’ ती हसून म्हणाली, ‘‘तोंडानं नाही म्हणायची सवय झालीय तुम्हाला.’’

मेहुणा दोन बॅगा आणि एक व्यायामाचं यंत्र घेऊन आला. चार दिवसांसाठी व्यायामाचं यंत्र कशाला, असं नन्नासाहेबांनी विचारलं. तो म्हणाला, ‘‘दाजी, तुम्हीच एवढ्या मायेनं मान डोलावताय, मग मी कशाला घाई करू?’’

महिन्याभरात लेकीनेही हात धुऊन घेतले. हिशेबनिशीचं शिक्षण सोडून जहाजावर यंत्रं सांभाळायला शिकायचं, हे तिच्या मनात कधीचं होतं. बाबांना विचारायची हिंमत नव्हती. ते पेपर वाचत असताना तिने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तर बाबांची मान डोलत होती. त्यांना तिचं बोलणं ऐकू आलं होतं की नाही, हे तिने तपासलं नाही. तिने प्रवेशासाठी नाव देऊन टाकलं.

पण खरी बहार आली ती ऑफिसात.

खात्याचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांना भाषणाची हौस होती. दर आठवड्याच्या बैठकीत ते बोलत, आणि दर आठवड्याला नन्नासाहेबांचं दगडी तोंड पाहून मधेच अडखळत. त्या दिवशी त्यांनी बिचकतच वर पाहिलं, तर पुढच्या रांगेत नन्नासाहेब मान डोलावत होते! त्यातही मोठ्या साहेबांच्या एकेका शब्दाला, ठेका धरल्यासारखे. मोठ्या साहेबांचा आवाज चढला. त्यांना कधी न सुचलेली वाक्यं सुचली. भाषण जेवणाच्या सुट्टीच्या पार गेलं. नन्नासाहेब हो म्हणताहेत म्हटल्यावर बाकीच्यांनीही माना हलवायला सुरुवात केली. न हलवणारा उगाच डोळ्यावर आला असता.

पुढच्या बैठकीपासून नन्नासाहेबांची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली जाऊ लागली. त्यांना मंजुरी समितीवर घेतलं. लोक जिन्यात थांबून हसून बोलू लागले. ज्याने कोऱ्या कागदाचा विनोद केला होता, तो आर्किटेक्टसुद्धा एकदा म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही अगदी बदललात हं.’’

आणि नन्नासाहेबांना ते आवडलं. खोटं कशाला बोला? आपण काय वेगळं करतोय हे त्यांना कळत नव्हतं. ते पूर्वीइतकंच नाही म्हणत होते. पण जग गोड झालं होतं. त्यांनी ठरवून टाकलं, की वयानुसार आपण सज्जन होत चाललो आहोत आणि आतला चांगुलपणा चेहऱ्यावर उतरतो आहे.

जिने चढताना मात्र धाप लागे. दुसऱ्या मजल्यावर ते भिंतीवरची सूचना वाचायच्या निमित्ताने थांबत. ती सूचना त्यांना पाठ झाली होती. डाव्या कुशीवर झोपलं की छातीतले धक्के गादीतून कानात येत. बायकोला वाटे, शेजारचे पाण्याची मोटर लावताहेत. शर्टाची कॉलर आपोआप फडफडते, हे शिंप्याच्या नजरेला आलं, तर त्याने कापडाला दोष दिला.

मोठ्या साहेबांचं एक स्वप्न होतं: खात्याची नवी इमारत. सगळी काचेची, वर घुमट, आत गोल सभागृह, सभागृहात उंच व्यासपीठ. नकाशा समितीपुढे आला तेव्हा नन्नासाहेबांना पहिल्या नजरेतच दिसलं, की इतक्या उंच इमारतीला जिना एकच आहे. आग लागली तर वरच्या मजल्यावरच्यांनी घुमट बघत बसायचं.

‘‘दुसरा जिना कुठे आहे?’’ त्यांनी विचारलं.

मोठे साहेब क्षणभर दचकले. मग त्यांनी मानेकडे पाहिलं आणि खदखदून हसले. ‘‘बघा, बघा! तोंडानं हरकत आणि मानेनं संमती. आपले नानासाहेब म्हणजे ना!’’ सगळी समिती हसली. नन्नासाहेबांनी टेबलावर हात आपटला. चिडल्यावर काळीज जोरात उडालं आणि मान आणखी जोरात होकार देऊ लागली. लोकांना हसू आवरेना. शेवटी पुढच्या बैठकीत अंतिम मंजुरी द्यायची, असं ठरलं.

त्याच आठवड्यात एक डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्याचा नकाशा घेऊन आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, घाईत असलेल्या. नन्नासाहेबांनी गुंडाळीला हात लावला. ‘‘नाही. हे असं चालणार नाही.’’

बाई नकाशाकडे बघतच नव्हत्या. त्या त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या.

‘‘एक्स-रेच्या खोलीचं दार थेट बाकड्यांसमोर उघडतंय,’’ नन्नासाहेब म्हणाले. ‘‘ऐकताय ना?’’

‘‘हात द्या,’’ बाई म्हणाल्या.

‘‘काय?’’

त्यांनी वाट न बघता टेबलावरून त्यांचं मनगट धरलं आणि हात सरळ वर उचलला, शाळेतल्या मुलाने उत्तर द्यायला उचलावा तसा. शेजारच्या टेबलावरचे लोक टाइपिंग करायचं थांबले. बाई बोटं दाबून उभ्या होत्या. मग त्यांनी हात खाली घेतला, नन्नासाहेबांच्या एका नखाच्या टोकावर हलकेच दाब दिला आणि वाकून पाहू लागल्या. नन्नासाहेबांनीही पाहिलं. नखाखाली गुलाबी रंग येत होता, जात होता. येत होता, जात होता.

‘‘दमायला होतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मान हो म्हणतेय तुमची.’’

‘‘ती हल्ली म्हणते. माझा स्वभाव बदललाय.’’

‘‘स्वभाव नाही हो,’’ बाई खुर्चीवर बसल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. ‘‘हृदयातून मोठी धमनी निघते ना, तिच्या तोंडाशी झडप असते. रक्त बाहेर पडलं की झडप मिटते, ते परत येऊ नये म्हणून. तुमची नीट मिटत नाहीये बहुतेक. गेलेलं रक्त थोडं परत आत येतं. मग पुढच्या ठोक्याला हृदयाला ते परत आलेलंही फेकायचं आणि नवीनही. म्हणून एवढ्या जोरानं फेकतं, की गळ्याच्या धमन्या उडतात आणि मानेला हिसका बसतो. प्रत्येक ठोक्याला एक.’’

नन्नासाहेबांनी लाल पेन्सिल परत कानामागे खोचली. मान हलत होती.

‘‘म्हणजे माझा होकार,’’ ते म्हणाले, ‘‘गळती आहे?’’

‘‘असंच म्हणा.’’

बाई काम करत त्या इस्पितळात नन्नासाहेबांना पुढे वाकून बसवलं, श्वास पूर्ण सोडून धरून ठेवायला लावला आणि बाईंनी छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप टेकवला. त्यांनी तो मग नन्नासाहेबांच्याच कानाला लावला. लब्-डप् झालं, की मागोमाग एक बारीक उसासा येत होता. कुणीतरी कंटाळून ‘हंऽऽ’ करावं तसा. रक्तदाबाचा वरचा आकडा आभाळात आणि खालचा पार तळाला होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर डावा कप्पा फुगलेला दिसला. बाई म्हणाल्या, झडप बदलावी लागेल, आणि लवकर. उशीर केला तर कप्पा ताणलेल्या इलास्टिकसारखा होईल, मग नवी झडप बसवूनही उपयोग नाही.

बायको ऐकून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘आणि मी समजत होते, माझं ऐकायला लागलात.’’

मेहुण्याने ऑपरेशनविरुद्ध कंबर कसली. ‘‘दाजी, कापाकापी कशाला? हळूहळू उतरेल ते. चांगल्या चालत्या माणसाला उगाच हात लावू नये.’’ चांगलं चालतंय ते आपलं राहणं, हे तो बोलला नाही.

मोठे साहेब स्वतः घरी आले. खूप हळहळले, ताकद येण्याचे तीन उपाय सांगितले आणि निघताना दारात थांबून म्हणाले, ‘‘नानासाहेब, मंजुरीच्या बैठकीपर्यंत थांबता नाही का येणार? म्हणजे, तुमच्या तब्येतीच्याच काळजीनं म्हणतोय. तोवर मन प्रसन्न राहील तुमचं.’’

‘‘नाही,’’ नन्नासाहेब म्हणाले.

‘‘थँक यू, थँक यू,’’ मोठे साहेब मानेकडे बघत म्हणाले.

बाईंनी मात्र तारीख बदलली नाही. तेव्हा मोठ्या साहेबांनी बैठकच पुढे ढकलली, ते बरे होऊन येईपर्यंत.

लेक सगळ्यांत शेवटी आली. इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी ते गॅलरीत एकटे बसले होते. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

‘‘बाबा, मी नाव मागे घेते.’’

‘‘कसलं नाव?’’

‘‘जहाजाचं. तुम्ही हो म्हणालाच नव्हता ना. ती तुमची झडप होती.’’

 खरं म्हणजे त्या दिवशी पेपरमागे नन्नासाहेबांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. पेपर खाली ठेवून ‘नाही’ म्हणायचंच त्यांनी ठरवलं होतं. पण पेपर खाली येईपर्यंत लेक उड्या मारत आईकडे गेली होती, आणि तिला एवढं आनंदात त्यांनी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. म्हणून ते गप्प बसले होते. आता ती खाली मान घालून उभी होती, आणि त्यांची मान मूर्खासारखी हो-हो करत होती; तिने नाव मागे घ्यावं, याला हो, की तिने जावं, याला हो, कुणास ठाऊक.

त्यांनी दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं. कानांवर तळवे, हनुवटीखाली अंगठे. घट्ट. मान थांबली. तळव्यांत ठोके आदळत राहिले.

‘‘इकडे बघ,’’ ते म्हणाले. ‘‘आता हलत नाहीये ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ऐक. जा. समुद्रावर जा. यंत्रं नीट सांभाळ. आणि जिना किती रुंद आहे ते आधी बघून घे.’’

लेक हसली आणि लगेच रडली. त्यांचे हात दुखेपर्यंत ते डोकं तसंच धरून बसले, कारण सोडलं तर तिला शंका आली असती.

ऑपरेशन झालं. धातूची झडप बसवली. नन्नासाहेब शुद्धीवर आल्यावर बाई बघायला आल्या, तेव्हा त्यांच्या नाकातली नळी अजून काढली नव्हती. त्यांनी बोटाने बाईंना जवळ बोलावलं. बाई काळजीने वाकल्या.

‘‘एक्स-रेचं दार,’’ ते पुटपुटले. ‘‘फिरवून घ्या.’’

‘‘मान थांबली, जीभ नाही थांबली,’’ बाई नर्सला म्हणाल्या. पण दार त्यांनी फिरवून घेतलं.

इकडे ऑफिसात घबराट पसरली होती. मान हलणं हे हृदयाच्या आजाराचं लक्षण असतं, ही बातमी जेवणाच्या सुट्टीत फुटली आणि संध्याकाळपर्यंत अर्धं खातं आपापलं मनगट धरून बसलं. कारण मोठ्या साहेबांपुढे प्रत्येकाचीच मान हलत होती. कायदा अधिकाऱ्यांना तर दोन वर्षांपासूनचा त्रास होता. शेवटी डॉक्टरीणबाईंना तपासणीसाठी ऑफिसात बोलावलं. बाईंनी सभागृहात खुर्ची टाकली, एकेकाचा हात वर धरला, एकेकाचं नख दाबलं, एकेकाला पुढे वाकवून ऐकलं. उसासा कुणाच्याच छातीत नव्हता. झडपा अशा मिटत होत्या, की रक्ताचा थेंब मागे येणार नाही.

‘‘अभिनंदन,’’ बाई सगळ्यांना म्हणाल्या. ‘‘तुमच्या कुणाचीही मान हृदयामुळे हलत नाहीये.’’

टाळ्या पडल्या. मग कायदा अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं, ‘‘मग कशामुळे हलते?’’

‘‘ते माझ्या तपासणीत बसत नाही,’’ बाईंनी स्टेथोस्कोप पिशवीत टाकला.

टाळ्या विरल्या. आजार असता तर बरं झालं असतं, असं काहींना पहिल्यांदाच वाटलं. आजारी माणसाला निदान कोणी नंदीबैल म्हणत नाही. आता ज्याची मान हलेल, ती त्याने स्वतः हलवली असा त्याचा अर्थ होणार होता.

नन्नासाहेब बरे होऊन कामावर आले, आणि मंजुरीची बैठक भरली. मोठ्या साहेबांनी नवा सूट घातला होता. मधोमध नन्नासाहेबांची खुर्ची होती. मोठे साहेब काचेबद्दल बोलले, घुमटाबद्दल बोलले, मग सवयीने वर पाहिलं. नन्नासाहेबांची मान खांबासारखी उभी होती. मोठ्या साहेबांनी उजवीकडे पाहिलं: कायदा अधिकारी हनुवटी मुठीवर रोवून बसले होते. डावीकडे पाहिलं: हिशेब अधिकाऱ्यांनी मान अवघडल्याचं निमित्त करून गळ्याला पट्टा बांधला होता. मागच्या रांगेत एकही डोकं हलत नव्हतं. मोठे साहेब थांबले. त्यांना पुढचं वाक्य आठवेना.

त्या शांततेत आवाज ऐकू आला. टिक्. टिक्. टिक्. बारीक, धातूचा, नियमित.

लोकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बिनआवाजाचं होतं. मोठ्या साहेबांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. आवाज जाईना. कोणीतरी वेळ मोजतंय, आपलं भाषण लांबलंय, असं वाटून ते गडबडीने बोलू लागले. जेवढी ते घाई करत, तेवढा तो आवाज मोठा वाटे. ‘‘तर... थोडक्यात... मंजुरी द्यावी,’’ म्हणून त्यांनी घाम पुसला. ‘‘आणि तो आवाज आधी बंद करा!’’

‘‘बंद नाही करता येणार साहेब,’’ नन्नासाहेब म्हणाले. ‘‘माझी नवी झडप आहे. मिटते तेव्हा वाजते. दुसरा जिना कुठे आहे?’’

यावेळी कोणी हसलं नाही. मानेकडे बघून अर्थ लावायची सोय उरली नव्हती. हिशेब अधिकारी गळ्यातल्या पट्ट्यातून म्हणाले, ‘‘जिना हवा खरा.’’ मग कायदा अधिकारीही म्हणाले, हवा. नकाशा परत गेला.

त्या संध्याकाळी मोठ्या साहेबांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि आडवळणाने बरंच बोलून झाल्यावर विचारलं, की नानासाहेबांची जुनी झडप इस्पितळाने जपून ठेवली आहे का.

इमारतीला दुसरा जिना लागला. मागच्या बाजूला, घुमटाची शोभा घालवत. नन्नासाहेबांची बदली जुन्या नकाशांच्या तळघरात झाली. तिथे नाही म्हणायला कोणी नव्हतं, आणि शांतता इतकी, की आपल्या झडपेचा आवाज त्यांना दिवसभर सोबत करी. लोक जिन्यात थांबून हसायचे बंद झाले. हे त्यांना लागलं. एकदा गोडी लागलेल्या माणसाला लागतंच. कधीमधी कोणी जुना नकाशा मागायला आला, की ते त्याला उगाच बसवून घेत, आणि पेन्सिलीला हात लावायच्या आधी विचारत, ‘‘चहा घेणार?’’

घरी, रविवारी दुपारी, मेहुणा बॅगा भरताना दिसला.

‘‘दाजी, राग मानू नका,’’ तो म्हणाला. ‘‘पण भिंतीपलीकडून तुमचं टिक् टिक् ऐकू येतं. डोळा लागत नाही. ताईला सवय झालीय, मला होत नाही.’’

बायको दारात उभी होती. भाऊ जाणार म्हणून तिचा चेहरा पडला होता. नन्नासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. व्यायामाच्या यंत्रावर आता त्यांचेच ओले टॉवेल वाळत असत, आणि जेवताना मेहुण्याच्या बाता ऐकायची त्यांना कधी सवय लागली, ते कळलंच नव्हतं.

‘‘रहा की अजून,’’ ते म्हणाले. ‘‘मी आतल्या खोलीत झोपतो.’’

मेहुणा बॅगेची चेन ओढता ओढता थांबला. त्याने दाजींच्या मानेकडे नीट निरखून पाहिलं.

‘‘नको दाजी,’’ तो म्हणाला. ‘‘मनापासून म्हणत नाही आहात तुम्ही.’’

‘‘अरे, खरंच म्हणतोय!’’

‘‘मान कुठे हलली?’’ मेहुणा म्हणाला आणि यंत्र खाली न्यायला हमाल बोलवायला गेला.